करिअर मार्गदर्शन : नवाहो रोडिओचा निवेदक आणि आपला घाट

प्रश्न : मी आंबेगाव तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपासून यात्रांमध्ये घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा शर्यतीचं निवेदन करतो. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या रोडिओचे, म्हणजे बैलस्वारी आणि गुरांना फास टाकण्याच्या स्पर्धांचे, व्हिडिओ मोबाइलवर बघितले. तिथला निवेदक इंग्रजी आणि स्वतःची भाषा मिसळून बोलतो, लोक खळखळून हसतात. मला शब्द कळत नाहीत, तरी तासन्‌तास ऐकतो. या माणसाचं काम नेमकं काय असतं? त्याचं घर त्यावर चालतं का? तिकडे जाऊन हे शिकता येईल का? वडील म्हणतात, माईकवर ओरडून कुणाचं घर चाललंय?

उत्तर :

प्रिय मित्रा,

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. तिकडे जाऊन शिकावा असा यासाठी कुठला अभ्यासक्रम माझ्या माहितीत नाही. हे काम रिंगणाच्या कडेला उभं राहूनच शिकलं जातं, आणि ते ज्या भाषेत चालतं ती घरात आजीच्या तोंडून आलेली असते. कधी जमलं तर पाहुणा म्हणून जरूर जा. शिकायचं मात्र इथंच आहे. बाकीच्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहितो, कारण त्यांत तुझ्या कामाचं बरंच आहे.

आधी मुलूख समजून घे. नवाहो राष्ट्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव हिस्सा, आणि तेवढ्या जागेत वस्ती पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. राजधानी विंडो रॉक. घोडा आणि मेंढी त्यांच्याकडे स्पॅनिश लोकांमुळे आली, आणि मग या जनावरांशिवाय घराची कल्पनाच उरली नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना शेकडो किलोमीटर पायी चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या तहानंतर ते परत आले आणि पुन्हा कळप उभे केले. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने त्यांची जनावरं सक्तीने कमी केली, अनेक ठिकाणी डोळ्यांदेखत मारली. ज्या घरांनी हे सोसलं त्यांची नातवंडं-पतवंडं आज रोडिओच्या रिंगणात उतरतात. निवेदक ज्यांच्याशी बोलतो ते हे लोक. जनावर म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला जावं लागत नाही.

आता त्याच्या शेजारी बसून बघू. रिंगणाच्या एका टोकाला लोखंडी अरुंद कप्पे असतात, त्यांत बैल आणि घोडे उभे करतात. वर मचाणासारखी केबिन, तिथून निवेदक बोलतो. काही जण रिंगणात घोड्यावर बसून बोलतात. समोर रोडिओच्या सेक्रेटरीने दिलेला कागद : स्वार कोण, गाव कुठलं, वाट्याला कुठला बैल आला. शेजारी प्रायोजकांची यादी. कागदावर एवढंच असतं. बाकीचं सगळं त्याचं स्वतःचं.

बैलस्वारीचं घे. एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं; मोकळा हात बैलाला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की बाद. या आठ सेकंदांत निवेदक बोलून बोलून किती बोलणार? त्याचं खरं काम आधीचं. स्वार कप्प्यात बैलाच्या पाठीवर उतरतोय, दोर आवळतोय, बैल धडका देतोय, पुन्हा सगळं सोडून नव्याने बसतोय. हे अर्ध्या मिनिटात उरकेल की तीन मिनिटं चालेल, कुणीच सांगू शकत नाही. तेवढ्यात तो सांगतो की पोरगा कुणाचा, वडीलही याच रिंगणात उतरायचे का, या बैलाने आधी कुणाला पाडलंय, आज पुढे जायला किती गुण लागतील. दार उघडायची खूण दिसली की वाक्य असेल तिथं तोडतो. भोंगा वाजल्यावर गुण. दोन पंच, प्रत्येकाकडे स्वाराचे २५ आणि बैलाचे २५, मिळून १००. म्हणजे निम्मे गुण बैलाचे! बैल नरम निघाला तर स्वार आठ सेकंद टिकूनही मागे पडतो. हे प्रेक्षकांना आधी उलगडून सांगितलेलं नसेल तर लोक पंचांच्या नावाने ओरडतात.

दुसरा फार लाडका खेळ म्हणजे दोघांनी मिळून गोऱ्ह्याला फास टाकणं. एक जण शिंगं पकडतो, दुसरा मागचे दोन पाय. हा तुझ्या घाटासारखाच सेकंदांचा मामला. घोड्यापुढची अडवणीची दोरी सुटण्याआधीच घोडा निघाला तर १० सेकंद दंड, एकच पाय सापडला तर ५ सेकंद. म्हणून घड्याळात वेळ दिसली तरी चांगला निवेदक ती ओरडून टाकत नाही. आधी झेंडेवाल्या पंचाकडे बघतो. चुकीची वेळ एकदा जाहीर झाली की ती मागे घेताना रिंगण हातातून जातं. घाटावर तू हे अनुभवलं असशीलच. याच खेळात ट्यूबा सिटीचा ॲरन त्सिनिजिनी २०१५ मध्ये आणि राउंड रॉकचा एरिक रॉजर्स २०१७ मध्ये व्यावसायिक रोडिओचा जगज्जेता झाला. दोघेही नवाहो.

आणि आता भाषा, जिने तुला खिळवून ठेवलंय. नवाहो माणूस रीतसर ओळख सांगतो तेव्हा चार कुळं सांगतो : आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं. मूल आईच्या कुळाचं. कुळ जुळलं की अनोळखी माणूसही भाऊ किंवा मामा होतो. आपल्याकडे पारावरचा म्हातारा ‘कुणाचा रे तू?’ विचारतो आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे बोलतो, तसंच हे. त्यामुळे निवेदकाने स्वाराचं नाव आणि गाव घेतलं की बाकावरच्या आजीबाईंच्या डोक्यात नात्यांचा हिशेब सुरू होतो. साधारणपणे वेळ, गुण, प्रायोजक इंग्रजीत जातात. चिमटे, थट्टा, नात्यागोत्याच्या गोष्टी नवाहोत येतात. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगत बसलं तर दोन्हीकडचा प्रेक्षक कंटाळेल.

एक गोष्ट फार मोलाची वाटते. वाईट बोललं की वाईट ओढवतं, अशी जुन्या नवाहो लोकांची धारणा आहे. मरणाबद्दल ते उघड बोलत नाहीत. आणि बैलस्वारी हा तर जिवाशी खेळ. स्वार पडून उठला नाही, वैद्यकीय पथक धावलं, त्याची आई समोर बसलेली आहे, आणि माईक याच्या हातात. अशा वेळी अंदाज सांगायचे नाहीत, धोक्याचं वर्णन करायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मदत पोहोचली एवढं सांगायचं, आणि लोकांना शांतपणे धरून ठेवायचं. माझ्या मते निवेदकाची खरी पारख इथं होते. घाटावर बैल उधळून गर्दीत घुसतो तेव्हा तुझा आवाज काय करतो, हे तू स्वतःला विचार.

आता पोटापाण्याचं. मानधन रोडिओगणिक ठरतं, समिती देते. हंगाम उन्हाळ्याचा आणि शरद ऋतूचा : ४ जुलैच्या सुमारास विंडो रॉक, सप्टेंबरमध्ये तिथलीच नवाहो राष्ट्राची मोठी जत्रा, ऑक्टोबरमध्ये शिपरॉक, मग शरदातच लास व्हेगासला देशभरातल्या आदिवासी रोडिओपटूंची अंतिम स्पर्धा, जी १९७६ पासून भरते. मध्ये शाळांचे, मुलांचे, दिवंगत नातेवाइकाच्या स्मरणार्थ भरवलेले छोटे रोडिओ. सुरुवात बहुतेकांची तिथंच होते. विंडो रॉकहून ट्यूबा सिटी सुमारे २५० किलोमीटर. डिझेल स्वतःचं, रात्र गाडीतच. थोडे जण व्यावसायिक संघटनेचं निवेदकाचं कार्ड मिळवून मोठ्या रिंगणात पोहोचतात. बाकीच्यांची आठवड्याची नोकरी वेगळी असते, शाळेत, आदिवासी सरकारच्या कार्यालयात, नाहीतर गुरंढोरं आणि बांधकाम. नोकऱ्याही तिथं मुबलक नाहीत. २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या पेज गावाजवळचं मोठं कोळशाचं वीज केंद्र आणि त्याची खाण बंद झाली, तेव्हा कितीतरी नवाहो घरांचा पक्का पगार गेला. २०२० मध्ये करोनाने जत्राही रद्द झाली.

आवाजालाच नोकरी देणारी जागा म्हणजे रेडिओ. विंडो रॉकचं केटीएनएन केंद्र १९८६ पासून ५० हजार वॅटच्या ताकदीवर नवाहो आणि इंग्रजीत बोलतंय. १९९६ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, त्या केंद्राने नवाहोत ऐकवला. ज्याला स्वतःच्या भाषेत खेळ सांगता येतो त्याला रिंगणाबाहेरही काम मिळतं, याचा हा पुरावा.

म्हणजे वडिलांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. बैलगाडा शर्यतींवरची मे २०१४ ची बंदी त्यांनी पाहिली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी देईपर्यंत घाट ओस पडले होते, आणि शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब मे २०२३ मध्ये झालं. साडेसात वर्षं ज्या धंद्याला कुलूप लागू शकतं, त्यावर एकट्यावर घर उभं करू नये, हे मीही म्हणेन. पण धंदा सोडावा, असं अजिबात म्हणणार नाही.

पदवी पूर्ण कर. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाच्या जाहिरातींत बहुतेक वेळा पदवीची अट असते. आवाजाची चाचणी होते, आणि तिथं शब्द स्वच्छ लागतो. जिल्ह्यातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रात आत्ताच विचारून बघ. कबड्डी आणि कुस्तीचं निवेदनही हातात घे, म्हणजे बैलगाड्याचा हंगाम नसताना घसा रिकामा राहणार नाही. शर्यतींचं थेट प्रक्षेपण करणाऱ्यांशी बोल, पण मानधन आधी ठरव. ‘नाव होईल’ एवढ्यावर दिवसभर उन्हात उभं राहू नकोस.

आणि एक वही घाल. बैलजोड्या, मालक, गावं, मागच्या घाटावरचे सेकंद, गाड्यापुढे धावणारी घोडी कुणाची, बैल घरचा की विकत घेतलेला. परवानगीच्या अटीही पाठ कर, काठी-चाबकाला मनाई का आहे हे माईकवरून लोकांना पटवता आलं पाहिजे. तुला आज मिळणारी टाळी बरीचशी आवाजाला मिळते. तो आवाज पन्नाशीत असा राहणार नाही, वहीतली माहिती मात्र तोवर दसपट झालेली असेल.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर वर्षभराचं मानधन, प्रवास आणि घशाच्या औषधांचा खर्च तारखेनिशी लिही. वर्ष संपलं की वडिलांसमोर ठेव. त्या आकड्यांवर दोघं बोला, आणि काय ठरलं ते मला कळव.