मुलगा ८ वर्षांचा आहे, बुद्धिबळाच्या क्लासचे सर म्हणतात टॅलेंट आहे, महिना ८ हजारांचं पर्सनल कोचिंग लावा. लावावं का?

लावूच नका असं नाही म्हणत, पण लगेच नको.

आधीच सांगतो, मी कोच नाही. माझी मुलगी स्वतःचा वजीर बाजूला काढून ठेवते आणि तरी मला हरवते, इतपत माझा खेळ. पण गेली सहा वर्षं साताऱ्याहून पुणे, सांगली, कोल्हापूर, एकदा नागपूर अशा वाऱ्या केल्यात, हॉलच्या बाहेर सतरंजीवर बसून इतर पालकांबरोबर डबे खाल्लेत आणि ज्या चुका तुम्ही आता करायच्या बेतात आहात त्यातल्या बहुतेक करून झाल्यात. ती आता नववीत आहे, अजून खेळते, त्यामुळे फार काही बिघडलं नसावं.

तुम्ही लिहिलंय की मोबाइलवर त्याचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १२०० आहे आणि गेल्या चार महिन्यांत रविवारच्या स्पर्धांमध्ये तीन ट्रॉफ्या मिळाल्या. छान आहे, कौतुक करा, पण त्यावरून काही ठरवू नका. ऑनलाइनचं रेटिंग आणि फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग यांचा एकमेकांशी संबंध काका-पुतण्याइतकाच, आडनाव एक, घर वेगळं. आणि रविवारची एकदिवसीय रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा म्हणजे दिवसात सात राउंड, त्यात अंडर ७, अंडर ९, अंडर ११ अशा प्रत्येक गटाला बक्षिसं, बेस्ट गर्ल, बेस्ट लोकल, निम्मी पोरं काहीतरी घेऊन घरी जातात. वाईट काही नाही त्यात, लहान मुलांना गोडी लागते. पण रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, म्हणजे डाव संपला की हवेत गेला, मुलगा का हरला हे त्यालाही आठवत नाही आणि सरांनाही कळत नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

आमची मुलगी पहिली दोन वर्षं अशाच स्पर्धा खेळली. क्लासमध्ये ओपनिंगचे सापळे शिकवायचे, आठव्या चालीत समोरच्याचा घोडा कसा खायचा वगैरे, आणि नवीन पोरांसमोर ते चालायचंही. मग पहिली क्लासिकल स्पर्धा, दीड तास अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद. तिसऱ्या राउंडला ३१ चालींत हरून आली. दुसऱ्या एका मुलाच्या सरांनी, आम्ही त्यांना एक पैसा देत नव्हतो, सहज तिचा स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मागून घेतला. क्लासमध्ये तिला चालीशेजारी घड्याळातली शिल्लक वेळ लिहायची सवय लावली होती, का ते कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी बोट ठेवलं. १७व्या चालीपर्यंत अक्षर एकदम सुवाच्य, १८व्या चालीला तिचा उंट गेला आणि तिथून खाली अक्षर तिरकं, चौकटीच्या बाहेर, दोन ठिकाणी तर पांढऱ्याची चाल काळ्याच्या रकान्यात. आणि डाव संपला तेव्हा घड्याळात १ तास २० मिनिटं शिल्लक. सरांनी विचारलं, एवढा वेळ कोणासाठी ठेवला होतास गं? ती म्हणाली, हरतेय असं वाटलं की लवकर संपवावंसं वाटतं.

हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, आणि फी घेणाऱ्या क्लासलाही कळलं नव्हतं.

तेव्हा पर्सनल कोच बघायला जाल तेव्हा डेमोला रिकाम्या हाताने जाऊ नका, मुलाने स्वतः लिहिलेला एक हरलेला डाव घेऊन जा. नसेल तर आधी दोन महिने लिहायला शिकवा, वहीत, घरी तुमच्याशी खेळताना सुद्धा. मग सर त्या कागदाचं काय करतात ते बघा. लगेच लॅपटॉपवर इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्राम, लावून "इथे घोडा इथे हवा होता" म्हणाले तर ते काम मोबाइलही फुकटात करतो. "इथे तुला काय वाटत होतं?" असं विचारून मुलगा उत्तर शोधेपर्यंत गप्प बसणारे सर मिळाले तर ८ हजार नाही, पण महिन्यात दोन तास का होईना त्यांच्याकडे लावा. गुकेशचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी त्याला २५०० रेटिंगच्या आसपास येईपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलंय, आणि तो पोरगा २०२४ च्या डिसेंबरमध्ये १८व्या वर्षी जगज्जेता झाला. आपल्या पोरांना मात्र १२०० लाच इंजिन हवं असतं. असो.

बाकी ८ वर्षांच्या मुलाला काय यायला हवं याची यादी फार लहान आहे. वजिराने मात, हत्तीने मात, रोज थोडी कोडी, आणि राजा-प्याद्याचा शेवट. हा शेवटचा भाग क्लासवाले टाळतात कारण मुलांना कंटाळा येतो. आमच्याकडे एका जिल्हा निवडीत अर्धा गुण यातच गेला. तिच्याकडे राजा आणि एक प्यादं, समोर नुसता राजा, आणि ही प्यादं पळवत सुटली, राजा मागेच. शेवटी प्यादं सातव्या घरात, मागे तिचा राजा, आणि काळा राजा प्याद्याच्या बरोब्बर पुढे अडकलेला, चाल त्याची आणि जायला जागाच नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. राजा आधी पुढे काढायचा आणि प्यादं मागून आणायचं, एवढं माहीत असतं तर जिंकली असती. पटावर तीन सोंगट्या मांडून तुम्ही स्वतः हे एका संध्याकाळी शिकवू शकता.

फिडे रेटिंगबद्दल विचारलंय. त्याची घाई करू नका. मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा १४०० झालीय, त्याखाली गेलं की नाव यादीतून जातं. आणि पहिलं रेटिंग काढताना १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी ड्रॉ झालाय असं धरतात, त्यामुळे पोराचा आकडा पहिल्यांदा बरा दिसतो, पालक स्टेटस ठेवतात आणि मग तो घसरायला लागतो. १८ वर्षांखालच्या मुलांचा के फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या रेटिंगवाल्याशी जिंकलं की २० पॉइंट वर, हरलं की २० खाली, आणि चारशेने कमी असलेल्या पोराकडून हरलं तर जवळजवळ ३७ एका डावात गेले. त्यातून आपल्याकडची लहान पोरं कागदावरच्या आकड्यापेक्षा फार भारी खेळतात. माझी मुलगी एका स्पर्धेत ११० पॉइंट घालवून आली तेव्हा मी परतीच्या एसटीत वडूजपर्यंत मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करत होतो आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. रडायचं कोणी होतं तर मी.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी होती. हॉलच्या दारात उभं राहून, ती बाहेर आली की पहिला प्रश्न "काय झालं?" एकदा म्हणाली ड्रॉ झाला. अर्ध्या तासाने मोबाइलवर पुढच्या राउंडची पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, बघितली तर हिचा गुण शून्य. नऊ वर्षांची होती. रागावलो नाही, खरं तर मलाच लाज वाटली. तेव्हापासून मी दारात थांबत नाही, चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. ती येते तेव्हा येते. कधी स्वतःच सांगते, बाबा त्याने हत्ती इकडे आणला आणि मला वाटलं की, आणि मग पंधरा मिनिटं काहीतरी सांगते जे मला अजिबात समजत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आठ हजारांतून ग्रुप बॅच, वर्षाला तीन-चार क्लासिकल स्पर्धा आणि त्यांचा प्रवास-लॉज असं भागवा. दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हापासून आमच्या भागात सुद्धा गल्लोगल्ली अकॅडम्या निघाल्यात, पण जुनी मंडळं विसरू नका. सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी किती वर्षं पोरं घडवली, नावाजलेल्या बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्याच. तुमच्या गावात असं एखादं मंडळ असेल तर संध्याकाळी मुलाला तिथे सोडा, साठीतले आजोबा त्याला प्रेमाने आणि अजिबात दया न दाखवता हरवतील, फी जवळपास नाहीच.

आणि पुढच्या महिन्यात जिल्हा निवड आहे म्हणताय, तिथे जरूर न्या. त्यात नंबर नाही आला आणि कोणी जादा पैसे भरून डोनर एंट्रीने राज्य स्पर्धेला पाठवा म्हणालं तर या वर्षी नको म्हणा. दोन पेनं द्या, एक नक्की बंद पडतं. तुमचा फोन त्याच्या दप्तरात चुकूनही राहू देऊ नका, हॉलमध्ये वाजला तर डाव गेला. आणि स्वेटर द्या, मंगल कार्यालयातल्या एसीत पोरं तीन-तीन तास कुडकुडत बसतात.