मोरीतून किडे येतायत? आधी पाइप बघा, मग औषध

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच धाटणीचे होते, बाथरूममध्ये अमुक किडे येतात, कुठला स्प्रे मारू? म्हणून एकत्रच घेतलेत. स्प्रेचं नाव मी कुणालाच सांगणार नाहीये, कारण मोरीतून किडा येतोय म्हणजे एकतर आत घाण साठलीय नाहीतर पाइप कुठेतरी उघडा पडलाय, आणि ते तसंच ठेवून कितीही औषध मारलं तरी काही दिवसांत पुन्हा तेच. आणि कुठला किडा आहे ते नीट बघितलं ना, तर बिघाड कुठे शोधायचा हे अर्धंअधिक तिथेच कळतं.

प्रश्न : बाथरूमच्या टाइल्सवर बारीक काळपट, केसाळ पंखांचे किडे बसलेले असतात, मारले की राखेसारखा डाग उरतो. रोज मारते, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर सगळं ओतून झालं. आता खालचे म्हणतात त्यांच्या छताला ओल आलीय. दोन्हीचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकामागून एक ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर जिवावर बेतू शकतं. हे खूप घरांत सर्रास चालतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुम्ही वर्णन केलाय तो किडा म्हणजे ड्रेन फ्लाय. चावत नाही, फार उडत नाही, भिंतीवर नुसता बसून राहतो. तो अंडी घालतो पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात, म्हणजे साबण, केस, तेल, अंगाचा मळ यांचा जो काळा चिकट लेप बसतो ना त्यात, आणि अळ्या त्याच थरात दडून तोच खात वाढतात. अंड्यापासून माशी व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तुम्ही वरून काहीही ओतलं तरी ते त्या थरावरून घसरून जातं, आतली अळी मजेत राहते. म्हणून हातमोजे घालून जाळी काढा, नहाणी ट्रॅपमधली (म्हणजे जाळीखाली पाणी साठून राहतं त्या भांड्यातली) वाटी काढा आणि लांब दांड्याच्या ब्रशने पाइप आतून खरवडून काढा, वाटीची खालची बाजूसुद्धा, सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. मग गरम पाणी सोडा, पण उकळतं नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो आणि जॉइंट सुटायची भीती असते. वाटी मात्र परत बसवायची बरं का, पाणी लवकर जात नाही म्हणून ती काढून टाकणारे लोक नंतर झुरळांची तक्रार घेऊन येतात.

कुठल्या मोरीतून येतायत हे कळत नसेल तर रात्री मोरी कोरडी झाली की जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, कडेला थोडी फट ठेवून. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या तर तीच मोरी. एका रात्रीत निकाल नाही लागला तर दोन-चार रात्री बघा, बेसिनची आणि वॉशिंग मशीनच्या पाण्याची मोरीपण तपासा. आणि साफ केल्यावर लगेच हताश होऊ नका, आधीच कोषात गेलेल्या माश्या काही दिवस निघत राहतात.

आता खालच्यांच्या ओलीचं. सगळ्या मोऱ्या घासून तीन-चार आठवडे झाले आणि तरी माश्या येतच राहिल्या तर मग घाण पाइपात नाही, टाइलखाली आहे असं समजायचं. नहाणी ट्रॅप आणि टाइल यांच्यामधला जॉइंट फुटला की साबणाचं पाणी टाइलखालच्या कोब्यात, म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटच्या थरात, मुरत राहतं आणि तिथेच अळ्या होतात. माशी कुबड आल्यासारखी दिसणारी आणि उडण्यापेक्षा टाइलवर तुरुतुरु पळणारी असेल तर ती ड्रेन फ्लाय नव्हे, फोरिड माशी, आणि ती असेल तर मी फुटलेल्या पाइपावरच आधी संशय घेईन. खालच्यांना आधी सांगून ठेवा आणि मोरीचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास भरून ठेवा, खाली ओल वाढली तर दोष जमिनीत किंवा ट्रॅपच्या कडेला. नाही वाढली, तर जमीन सुकल्यावर पाइप लांबवून थेट ट्रॅपच्या तोंडात पाणी सोडा, फरशीवर सांडू न देता, त्याने ओल वाढली तर आतला पाइप. हे न करताच अख्खं बाथरूम फोडायला सांगणारा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याला जरा थांबवा, बरेचदा ट्रॅपभोवतीची एक-दोन फूट जागा उघडून काम भागतं.

प्रश्न : उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडे बेंगळुरूला होतो. परत आलो तर बाथरूममध्ये मोठमोठी लालसर झुरळं आणि गटाराचा वास. पेस्ट कंट्रोल केलं, वास गेला नाही. वरच्यांनी फ्लश केला की आमच्या मोरीत गुडगुड आवाज येतो.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, स्वयंपाकघरात ओट्याखाली, फ्रीजमागे जे छोटं फिकट झुरळ असतं, डोक्यामागे दोन काळ्या रेघांचं, ते घरातच वाढतं. तुमचं मोठं लालसर झुरळ ड्रेनेज लाइनीत आणि चेंबरमध्ये राहणारं आहे, ते पाइपातून वर आलंय, त्यामुळे घरात औषध मारून खालचा साठा काही संपत नाही.

प्रत्येक ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहावं लागतं, त्याला वॉटर सील म्हणतात. तुमचं घर आणि गटार यांच्यामध्ये फक्त तेवढं पाणी असतं, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात काही आठवड्यांत ते सुकतं, मग वास, वायू, झुरळं सगळ्यांना रस्ता मोकळा. ही नुसती किळसवाणी गोष्ट नाहीये. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300 हून जास्त लोकांना सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार झाला, आणि तपासात जे मुख्य कारण पुढे आलं त्यात बाथरूममधले सुकलेले फ्लोअर ट्रॅप होते, एक्झॉस्ट फॅन लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा त्या ट्रॅपमधून आत ओढली जायची. म्हणून घर बंद ठेवताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, वरून दोन चमचे खाण्याचं तेल, तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर त्यांना पंधरा दिवसांनी पाणी ओतायला सांगा.

पण तुमच्याकडे फक्त सुकण्याचा प्रश्न दिसत नाही. ती गुडगुड म्हणजे वरचं पाणी खाली जाताना पाइपाला हवा मिळत नाहीये, मग ती तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि सीलचं पाणीसुद्धा सोबत जातं. टॉर्च घेऊन बघा, वरच्यांच्या फ्लशनंतर ट्रॅपमधलं पाणी हललं, कमी झालं तर खात्री समजा. कारण बहुतेक गच्चीवर सापडेल, व्हेंट पाइपाच्या (ड्रेनेज लाइनीला हवा देणाऱ्या, गच्चीवर उघडणाऱ्या पाइपाच्या) तोंडाशी घरटं, कचरा, किंवा गच्चीवर शेड टाकताना कुणीतरी पाइपच कापून बंद केलेला. नाहीतर खालच्या लाइनीत अर्धवट चोकअप. हे सोसायटीचं काम आहे, सेक्रेटरींना लेखी द्या, तुम्ही स्वतःच्या खर्चाने बाथरूम फोडू नका. तुम्हाला घरात करायचं ते एवढंच, बेसिनचा वेस्ट पाइप जमिनीत जिथे शिरतो तिथली फट बघा. नुसता पाइप आत खुपसून ठेवलेला असतो, त्याला रबर रिंग बसवून घ्या, झुरळांची ती आवडती वाट आहे.

प्रश्न : आमचं तळमजल्याचं जुनं घर. पावसात बाथरूममध्ये गांडुळं येतात, मीठ टाकून कंटाळलो. मागच्या चेंबरशेजारी घुशीने मातीचा ढीग केलाय आणि तिथली फरशी खचलीय.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मीठ बंद करा, बिचारी गांडुळं मरतात आणि दुसरी येतात. पावसात जमिनीत पाणी भरलं की ती वर सरकतात, आणि तुमच्याकडे त्यांना बाथरूमची वाट सापडते कारण तुमचा पाइप कुठेतरी मातीला उघडा आहे. घूस आणि खचलेली फरशी धरली तर मला शंकाच उरत नाही. जुन्या घरात स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे पाइप असतात, सिमेंटचे जॉइंट तडकतात, सांडपाणी बाहेर मुरतं, माती भुसभुशीत होऊन आत वाहून जाते आणि पोकळी होते. चेंबरचं झाकण उघडा, तळाशी माती, वाळू साठलेली दिसली तर घरातून तर माती येत नाही ना, म्हणजे ती फुटलेल्या पाइपातूनच आलेली. गल्ली ट्रॅप, म्हणजे घराबाहेर सांडपाणी चेंबरमध्ये जाण्याआधीचा ट्रॅप, तोपण तपासा, तो फुटला की घुशीला आयतं दार मिळतं. तेवढा भाग खोदून पीव्हीसी लाइन टाकून घ्या, बीळ नंतर बुजवा, आधी बुजवलं तर घूस शेजारी दुसरं करते. काम करणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे घालायलाच लावा, उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो आणि पायाला चीर असेल तर पुरेसं आहे.

प्रश्न : सेप्टिक टँक आहे, गटार जवळपास नाही, तरी संध्याकाळी शौचालयात डासांचे थवे.
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : डास टँकमध्येच होतायत, आणि व्हेंट पाइपातून किंवा झाकणाच्या भेगेतून बाहेर पडतायत. हा क्युलेक्स डास, तुमच्या भागात तोच हत्तीरोग पसरवतो त्यामुळे दुर्लक्ष करू नका. टँकमध्ये फिनेल ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात. व्हेंट पाइपाच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी तारेने आवळून बांधा, झाकणाच्या भेगा सिमेंटने भरा, आणि जाळी दर उन्हाळ्यानंतर बघा, उन्हाने कुजून फाटते, फाटली की लगेच बदला.