अजिंठा, व्हाया लंडन

प्रश्न : मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर प्रबंध लिहितेय. चित्रं लंडनला, मी दादरला. घरबसल्या काय मिळेल?

उत्तर : बरंच काही! जे. जे.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात हे काम झालं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर चित्रं फुकट बघता येतात. शोधताना नुसतं ‘अजंता’ टाकून थांबू नका. प्रतिकृती करणाऱ्यांपैकी एक, ‘पेस्तनजी बोमनजी’, यांचं नाव टाकून बघा, स्पेलिंग उलटसुलट करून; साहेबाच्या दफ्तरात आपल्या नावांचे हालच. प्रत्येक चित्राचा नोंदणी क्रमांक लगेच वहीत उतरवा, तळटिपेला लागतोच. १८८५ला लंडनमध्ये लागलेल्या आगीत यातली बरीच चित्रं जळाली. त्या जळालेल्या चित्रांसाठी ग्रिफिथ्सच्या अजिंठ्यावरच्या पुस्तकाचे १८९६-९७चे दोन खंड कामी येतील. तेही स्कॅन होऊन नेटवर आहेत. पिंटरेस्टवरच्या बिनसंदर्भाच्या चित्रांना मात्र लांबूनच नमस्कार!