वकिलाची फी कुठून आणू?

प्रश्न: आम्ही गेल्या वर्षी टेक्सासहून न्यू जर्सीला आलो. इथे नवऱ्याची नोकरी गेली, त्यातच त्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलची बिलं आणि क्रेडिट कार्डं मिळून ४८ हजार डॉलरचं कर्ज आहे, दिराचे ६ हजार वेगळे. बँकरप्सी (दिवाळखोरी) फाइल करायची, तर वकिलाला द्यायला पैसे असते तर ही वेळ आली असती का? नवरा म्हणतो, फोर-ओ-वन-के (नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं) मोडू, आधी दिराचे देऊ, उरतील त्यात वकील बघू. परवडेल असा जवळचा वकील कसा शोधायचा?

उत्तर: ताई, वकील भेटेपर्यंत फोर-ओ-वन-के ला हात लावू नका. बँकरप्सीच्या वकिलाकडे मी बरीच वर्षं पॅरालीगल (मदतनीस) होते, आणि सगळ्यात जास्त जीव तुटायचा तो हे पैसे आधीच काढून बसलेली माणसं पाहून. रिटायरमेंटच्या खात्यात असेपर्यंत त्या पैशाला कर्जवाले शिवू शकत नाहीत. साडेएकोणसाठच्या आत काढलात तर टॅक्स लागतो, वर बहुतेक वेळा १० टक्के दंड, आणि बँकेत आलेल्या पैशाला ते संरक्षण राहत नाही.

दिराचंही तसंच. फाइल करण्याआधीच्या वर्षभरात नातेवाइकाचं कर्ज फेडलंत, तर तुमची केस सांभाळायला नेमलेला ट्रस्टी ते पैसे दिराकडून परत मागू शकतो. म्हणजे ज्याने अडीनडीला मदत केली त्याच्याच दारात नोटीस. दिराचं नाव कर्जदात्यांच्या यादीत येऊ द्या. पुढे कर्जमुक्तीचा आदेश मिळाल्यावर तुम्ही आपखुशीने पैसे दिलेत तर कायदा आड येत नाही. हे दिरांना आत्ताच सांगून ठेवा.

आता वकील. जवळचाच हवा, कारण बँकरप्सीत तुमची कोणती मालमत्ता शाबूत राहते ते राज्याच्या नियमांवर ठरतं, आणि राज्य बदलून २ वर्षं झाली नसतील तर जुन्या राज्याचे नियम लागू शकतात. तुमचं नेमकं तसंच आहे. म्हणून ‘टेक्सासहून आलोय’ हे पहिल्या फोनवरच सांगा. काउंटी बार असोसिएशन, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेकडून नावं मिळतात. उत्पन्न अगदी कमी असेल तर आधी लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करा, तिथे पात्र ठरलात तर मदत फुकट मिळते. पहिली भेट बरेच वकील मोफत देतात. दोघा-तिघांना भेटा. भेटीत वकील स्वतः बोलला नाही, नुसता ऑफिसातला माणूस फॉर्म भरून घेऊ लागला, तर तिथून उठा.

चॅप्टर ७ म्हणजे बहुतेक कर्ज थेट माफ होणारी बँकरप्सी. तिची फी बहुतेक वकील आधी घेतात, पण हप्त्यांनी घेतात. फाइल करायचं नक्की झालं की कार्डांचे हप्ते थांबवायचे का, हे त्यांनाच विचारा. बहुतेकांची फी त्याच पैशातून उभी राहते. फी कार्डावर मात्र टाकू नका. ‘आधी काही देऊ नका’ अशी जाहिरात दिसली तर नंतर एकूण किती द्यायचे, ते लिहून मागा. चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे कर्ज हप्त्यांनी फेडायच्या बँकरप्सीत, फीचा मोठा भाग ३ ते ५ वर्षांच्या हप्त्यांत बसवता येतो, पण केवळ तेवढ्यासाठी १३ निवडू नका. कोर्टाची चॅप्टर ७ ची फी ३३८ डॉलर आहे. तीही हप्त्यांनी भरता येते, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी असून हप्तेही झेपत नसतील तर माफीचा अर्ज करता येतो.

जाताना ६ महिन्यांच्या पे-स्लिपा, टॅक्स रिटर्न आणि सगळी बिलं न्या. चॅप्टर ७ मिळेल का, हे ठरवताना मागच्या ६ महिन्यांचं उत्पन्न बघतात. नोकरी नुकतीच गेली असेल तर थोडं थांबणं फायद्याचं ठरू शकतं. फक्त कोर्टाचं समन्स आलं असेल तर थांबू नका.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारते: पुण्या-नाशकात वडिलोपार्जित जमिनीत किंवा फ्लॅटमध्ये दोघांपैकी कुणाचं नाव आहे का? जगात कुठेही असलेली मालमत्ता अर्जात दाखवावी लागते, भावाबरोबर सामाईक असली तरी. असेल तर सात-बारा किंवा करारनाम्याची प्रत पहिल्याच भेटीत वकिलापुढे ठेवा.