सुमारगडाला पहिल्यांदा जाताना

खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड, महिपतगड या तिघांपैकी अवघड आहे तो मधला सुमारगड. रसाळगडाच्या वाटेवर वर्दळ असते; पुढे मात्र दाट रान आणि मळलेल्या वाटा कमी.

तुला फसवतील ते लाकूडतोडीचे रस्ते. कोकणात खासगी मालकीचं रान ठरावीक वर्षांनी तोडतात आणि लाकूड काढायला ट्रकपुरता कच्चा रस्ता पाडतात. रुंद, सोपा दिसतो, म्हणून पावलं आपसूक तिकडे वळतात. पण तो गडासाठी नसतो, लाकडासाठी असतो. फाट्यावर वाकून बघ: भरलेल्या ट्रकच्या चाकोऱ्या खोल, कडेला सालपटं आणि ताजे खुंट दिसले, तर तो रस्ता बहुधा रचलेल्या ढिगांपाशीच संपणार. खरी पायवाट अशा रस्त्याला मध्येच छेदून जाते आणि तोडलेल्या फांद्यांखाली सहज दडते. त्यामुळे कुणी दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर नोंदवलेल्या मार्गावर विसंबू नकोस. रस्ते दरसाल बदलतात.

वाटेतल्या धनगरवाड्यावर वाटाड्या विचार, आणि मजुरी आधी ठरवून पुरती दे. माझ्या मते पहिल्या खेपेला त्याच्याशिवाय जाऊच नये.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. शिमग्यानंतर ऊन आणि दमट हवा माणसाला पिळून काढते. तेव्हा माणशी चार लिटर पाणीही कमी पडतं. दुपारी दोनपर्यंत माथा गाठला नाही, तर मागे फिर. त्या रानात अंधारात वाट शोधायची नाही.