बॅटरी काढून बसवली, आणि गाडी बदलली
वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

पेरणी-डवरणीच्या दिवसांत कास्तकार वावरात आणि चारचाकी अंगणात, असं चित्र असतं. पंधरा-वीस दिवसांनी चाबी फिरवावी तर सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी काढून चार्जिंगला जाते, परत येते, बसते, आणि मग नव्या तक्रारी सुरू होतात. या वेळची पत्रं याच विषयावरची आहेत, म्हणून सदर तेवढ्यासाठीच ठेवलं आहे.

माझी पेट्रोल कार सात वर्षांची आहे. बॅटरी तालुक्याला चार्जिंगला दिली होती, दोन दिवसांनी आणून बसवली. आता गाडी सुरू होते, पण रेस खालीवर होते आणि बाजाराच्या गर्दीत क्लच दाबला की बंद पडते. एसी लावला तर हमखास बंद. मिस्त्री इंजेक्टर साफ करायला सांगतो. करू का?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

आत्ताच नको. बॅटरी काढण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी नीट चालत असेल, तर दोन दिवसांत इंजेक्टर खराब होत नाहीत.

आजच्या पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरची तार थेट इंजिनापर्यंत जात नाही. थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातली, झडप एक छोटी मोटर हलवते आणि ती किती उघडायची ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. सात वर्षांत त्या झडपेच्या कडेला कार्बनचा थर बसतो, हवेची फट बारीक होते. ईसीएम हे ओळखतो आणि झडप दरवेळी किंचित जास्त उघडून भरपाई करतो. हा शिकलेला हिशेब अनेक गाड्यांत बॅटरीच्या करंटवर टिकून असतो. बॅटरी निघाली की तो पुसला जातो. मग ईसीएम नव्या कोऱ्या थ्रॉटलच्या हिशेबाने झडप उघडतो, प्रत्यक्षात हवा कमी पडते आणि गाडी दम तोडते. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनावर भार वाढतो, म्हणून तेव्हा हमखास बंद पडते.

गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक वर. एसी, फॅन, लाइट, म्युझिक सगळं बंद. चाबी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. ३० सेकंद तसंच राहू द्या. मग चाबी ऑफ करून १५-२० सेकंद थांबा. असं दोनदा करा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. त्यानंतर सेल्फ मारा आणि रेस न देता इंजिन तापू द्या, रेडिएटरचा पंखा एक-दोनदा फिरून बंद होईपर्यंत. त्याला १०-१५ मिनिटं लागतात. सुरुवातीला रेस डगमगेल, डगमगू द्या. त्याच वेळी ईसीएम शिकत असतो. लोक नेमकं इथेच घाबरून पाय दाबतात आणि शिकणं अर्धवट राहतं. मग एसी लावून आणखी ५ मिनिटं, हेडलाइट लावून २ मिनिटं. शेवटी १५-२० किलोमीटर गाडी चालवा. थोडी गावातून हळू, थोडी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा हिशेबही याच प्रवासात पुन्हा बसतो, म्हणून पहिल्या दिवशी ॲव्हरेज कमी दिसलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका.

एवढं करूनही बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. चाबी ऑन असताना झडप बोटाने ढकलू देऊ नका. आतले प्लास्टिकचे दाते तुटतात आणि पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते. साफ केल्यावर काही वेळा उलटा प्रकार होतो, रेस चढलेली राहते, कारण ईसीएम अजून जुन्या कार्बनची भरपाई करत असतो. तेव्हा वरचीच पद्धत पुन्हा करायची. काही मॉडेलमध्ये हे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी-यंत्र) लावूनच करावं लागतं.

डिझेल गाडीत रेसचा हा प्रकार सहसा नसतो. डिझेल गाडी अशी वागली तर आधी फिल्टर आणि पाइपमधली हवा तपासा.

चारही काचा बटण एकदा दाबलं की पूर्ण वर जायच्या. बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरकडची काच धरून ठेवावी लागते, आणि कधी वर जाऊन परत खाली येते.
— एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

मोटर खराब झालेली नाही. काच कुठे संपते हे काच चालवणारं मॉड्यूल (छोटा कॉम्प्युटर) विसरलं आहे. बोट किंवा हात अडकला तर काच उलटी फिरवणारी सुरक्षा त्याच मोजमापावर चालते, म्हणून मोजमाप हरवलं की गाडी एका दाबाची सोय बंद ठेवते. इंजिन सुरू ठेवा म्हणजे व्होल्टेज पुरेल. बटण खाली दाबून काच पूर्ण उतरवा आणि उतरल्यावरही बटण ३-४ सेकंद धरून ठेवा. मग वर ओढून काच पूर्ण बंद करा, बंद झाल्यावरही ५ सेकंद धरा. ज्या-ज्या दाराला ही सोय आहे तिथे वेगळं करावं लागतं. सेकंदांचा हिशेब मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो, तो गाडीच्या पुस्तिकेत असतो.

तरीही काच अर्ध्यातून परतत असेल तर रबराच्या खाचेत धूळ आणि कुटार साचलं आहे का बघा. सोयाबीन काढणीच्या काळात हे फार होतं. खाच ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

गाडी सुरू ठेवून मिस्त्रीने बॅटरीची तार काढली आणि "बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला" असं सांगितलं. त्यानंतर मीटरमध्ये एबीएस आणि स्टेअरिंगचा दिवा पेटलेला आहे.
— एक वाचक, चिमूर (जि. चंद्रपूर)

ही पद्धत जुन्या जीप आणि डायनामोच्या जमान्यातली आहे. आजच्या गाडीवर ती कोणालाही करू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना आणि विश्वासाचा असो. आजच्या गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर असतो, आणि बॅटरी ही त्याच्या विजेची गादी असते. चार्जिंग जोरात चालू असताना ती अचानक काढली तर व्होल्टेज क्षणभर उसळतं. ६० ते १०० व्होल्टपर्यंतही जाऊ शकतं. १२ व्होल्टसाठी बनवलेले ईसीएम, मीटर आणि अल्टरनेटरचे डायोड एवढं सोसतीलच असं नाही.

तुमच्या बाबतीत अजून आशा आहे. तार निघाल्यामुळे स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर नुसता गोंधळला असेल. इंजिन सुरू करून स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, टोकाला दोन-दोन सेकंदच थांबा, आणि सरळ करा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगाने काही शे मीटर जा. दिवे विझले तर विषय संपला. नाही विझले तर एबीएस आणि स्टेअरिंगचे फ्यूज तपासा, मग स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या. तोवर गाडी जपून चालवा. एबीएस बंद असलं तरी साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबले की चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते.

डायनामो तपासायला मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ हवं. हेडलाइट आणि एसी लावल्यावर ते १३ च्या खाली गेलं तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती बॅटरी लवकरच कोरडी पडेल.

बॅटरी काढण्या-बसवण्याचा बरोबर क्रम कोणता? मागच्या वेळी तार जोडताच गाडी आपोआप लॉक झाली आणि चाबी आत.
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

म्हणूनच पहिलं काम ड्रायव्हरकडची काच खाली, दुसरं चाबी काढून खिशात. मग चाबी काढल्यापासून निदान ५ मिनिटं थांबा. तेवढ्यात ईसीएम आपल्या नोंदी लिहून झोपी जातो आणि एअरबॅगच्या सर्किटमधला विजेचा साठाही उतरतो. आधी मायनस काढा, नंतर प्लस. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. मायनस आधी यासाठी की प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. उलट केलं तर ठिणगी उडते, पाना लाल होतो, आणि बॅटरीजवळ साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस एकदाच ठाम बसवा. टेकवून-काढून ठिणग्या पाडत बसू नका. टर्मिनल हातोड्याने ठोकू नका, शिशाचा खांब आतून तुटतो.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून धुवा, पण बॅटरीची झाकणं घट्ट लावून. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. सुकल्यावर घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

खरं तर बॅटरी काढायचीच गरज बहुतेक वेळा नसते. ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला ३-४ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर बोनेट उघडं ठेवून जागेवरच १०-१२ तास लावा. काही विसरणार नाही, काही शिकवावं लागणार नाही. दुकानातला मोठा चार्जर मात्र जोडलेल्या गाडीवर लावू देऊ नका, त्याचं व्होल्टेज फार वर जातं. आणि ट्रॉलीच्या हुकासाठी किंवा बंपरसाठी वेल्डिंग करायचं असेल तर मायनस काढलीच पाहिजे. वेल्डिंगची अर्थिंगची तारही कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

म्युझिक सिस्टिम कोड मागते.
— एक वाचक, लोणार (जि. बुलढाणा)

ती चोरीपासूनची सोय आहे. कोड गाडीच्या पुस्तिकेतल्या छोट्या कार्डावर असतो. दुसऱ्या हाताची गाडी असेल तर आधीच्या मालकाकडे विचारा. अंदाजाने आकडे टाकू नका, काही चुकांनंतर सेट तासन्‌तास बंद पडतो. कार्ड नसेल तर गाडीचे कागद घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सेटच्या सिरियल नंबरवरून कोड मिळतो.

चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरी अर्धा तास काढून ठेवली तर चालते का?
— एक वाचक, तिरोडा (जि. गोंदिया)

दिवा जाईल, बिघाड राहील आणि काही दिवसांनी दिवा परत येईल. शिवाय बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता या नोंदीही पुसल्या जातात, आणि मेकॅनिकला त्याच हव्या असतात. आधी कोड वाचून कागदावर लिहून घ्या.

बॅटरी नवी आहे, तरी चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की उतरते. ट्रॅक्टरवरून स्टार्ट केलं तर चालेल का?
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, चालेल. ट्रक आणि टिप्पर २४ व्होल्टचे. त्यांची तार कारला कधीही लावू नका. ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक कारच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा. सुरू झाल्यावर कारचा फॅन लावा आणि तारा उलट क्रमाने काढा.

पण मूळ दुखणं वेगळं आहे. बंद गाडी घड्याळ, लॉक आणि मेमरीसाठी २० ते ५० मिलीअँपिअर घेते. ५० धरले तरी दिवसाला १.२ एएच, म्हणजे ३५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला पंधरा दिवस लागतात. तुमची चार दिवसांत उतरते, म्हणजे २०० च्या आसपास कुठेतरी जात आहे. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा थेट बॅटरीवरून करंट घेणारा ॲम्प्लिफायर आधी बघा. मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून मायनस खांब आणि मायनस तार यांच्यामध्ये जोडा, दारं लॉक करा, अर्धा तास थांबा आणि मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल, चोर त्याच वायरवर. मीटर जोडलेला असताना चाबी ऑन करू नका, मीटरचा फ्यूज उडतो. फ्यूजवर काही सापडलं नाही तर बोनेटखाली वायर उंदरांनी कुरतडल्या आहेत का, तेही टॉर्च लावून बघा. धान्याच्या कोठीजवळ उभ्या गाडीत हे हमखास होतं.