कंपनीने काढण्याआधी आपणच निघावं का?

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी सीएनसी ऑपरेटर आहे. नोकरीला 11 वर्षं 7 महिने झाले. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 32,000, एकूण पगार 54,000. दोन महिन्यांचा पगार थकलाय आणि नोकरकपातीची कुजबुज आहे. दुसरीकडे 48,000 ची नोकरी मिळतेय. सोबतचे म्हणतात, राजीनामा देऊ नकोस, काढलं तर भरपाई मिळेल. थांबू का?

उत्तर : थांबून नेमके किती जास्त मिळतील, ते आधी मोजू. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, राजीनामा दिला तरी मिळते. ती दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची, महिन्याचे 26 दिवस धरून. वरचे महिने सहापेक्षा जास्त असल्याने तुमची 12 वर्षं धरली जातील : 32,000 × 15 ÷ 26 × 12, म्हणजे सुमारे 2,21,500 रुपये. ही रक्कम दोन्हीकडे सारखीच, तेव्हा तुलनेतून काढून टाका.

फरक पडतो तो कपातीच्या भरपाईत. दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांच्या (नव्या कामगार कायद्यांच्या) व्याख्येत घरभाड्यासारखे भत्ते साधारणपणे वेतनाबाहेर राहतात, म्हणून 32,000 च धरा : 16,000 × 12 = 1,92,000. नोटिशीच्या एका महिन्याचे 32,000 आणि पुनर्कौशल्य निधीचे (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकण्यासाठी) 15 दिवसांचे 16,000 मिळवले की 2,40,000 होतात. नव्या नोकरीचा हा बरोबर पाच महिन्यांचा पगार. म्हणजे पगाराविना पाच महिने वाट पाहिलीत, तर भरपाई हातात येऊनही कमाई शून्य. आणि जी कंपनी महिन्याचा पगार देऊ शकत नाही, ती एकदम अडीच लाख कुठून देणार, हा प्रश्न सोबतच्यांनाही विचारा.

म्हणून कायद्यापेक्षा आधी कंपनीची तब्येत पाहा. पीएफचं पासबुक उघडा. कंपनीने प्रत्येक महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेली रक्कमच दोन-तीन महिने दिसत नसेल, तर मालक कामगारांच्या पैशावर कंपनी चालवतोय असं समजा. ग्रॅच्युइटीसाठी एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडे ट्रस्ट आहे का, तेही अकाउंट्समध्ये विचारा. ट्रस्टमधला पैसा बऱ्यापैकी सुरक्षित असतो, नुसती ताळेबंदातली तरतूद नव्हे.

तिसरी खूण शॉपफ्लोअरवरच दिसते. इन्सर्ट (यंत्राची कापणारी पाती) आणि बार (धातूच्या कांबी) उधारीवर यायचे थांबतात, रोख दिल्याशिवाय गाडी उतरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ग्राहक आपल्या मालकीच्या डाय (साचे) आणि फिक्स्चर (भाग पकडून ठेवायची साधनं) उचलून न्यायला लागतो. एकदा फिक्स्चर गेली की ते काम सहसा परत येत नाही. हे सुरू झालं असेल तर 48,000 ची नोकरी धरा, सहा हजारांचा तोटा सोसून. याउलट कंपनीचे आणखी प्लांट चालू असतील, पगार उशिरा का होईना येत असेल आणि फक्त तुमचं युनिट बंद होणार असेल, तर थांबणं शहाणपणाचं. अशा ठिकाणी स्वेच्छानिवृत्तीची ऑफर अनेकदा कायद्याच्या भरपाईपेक्षा मोठी असते.

निघायचं ठरलं तर कंपनीत सही करणारा माणूस आहे तोवर कामं उरका. पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल, तर दुरुस्तीला बहुधा कंपनीची मान्यता लागते. बंद गेटसमोर हेच काम महिनोन्‌महिने लोंबकळतं. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, फॉर्म 16 आणि हजेरीची नोंद स्वतःच्या ईमेलवर घ्या. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. कोणत्या महिन्यांचा पगार थकलाय ते लिहा, थकबाकी आणि ग्रॅच्युइटीवरचा हक्क राखून ठेवतो असं लिहा, नोटीस पिरियड माफ करण्याची मागणी करा आणि पोच घ्या. नव्या नियमाने राजीनाम्यानंतरही थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. ‘काहीही येणं बाकी नाही’ अशा कागदावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका. कंपनीने पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन टाकता येते.

प्रश्न : हिंजवडीत नोकरीला 4 वर्षं 9 महिने झालेत. एचआर म्हणतं, आज राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र चांगलं देऊ.

उत्तर : आज सही करू नका. ‘विचार करून लेखी कळवतो’ एवढं मेलवर लिहा. राजीनामा दिला की कपातीच्या भरपाईवर पाणी सोडलं. शिवाय कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, आणि तुम्हाला तीनच महिने कमी आहेत. शेवटची तारीख तीन महिने पुढे ढकला किंवा तेवढी रक्कम वेगळी द्या, ही मागणी अवास्तव नाही. तोंडी आश्वासन मात्र मोजू नका, जे ठरेल ते लेटरहेडवर घ्या. कपातीचा कायदा ‘कामगारा’ला लागू होतो, पण पदनाम ‘मॅनेजर’ असलं तरी बघितलं जातं ते प्रत्यक्ष काम. ऑफर लेटर आणि रोजच्या कामाचे मेल घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : आमच्या कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेलंय. थकलेला पगार मिळेल का?

उत्तर : मागाल तर रांगेत उभे राहाल, नाही मागितला तर रांगेतही नाही. जाहीर सूचनेतल्या मुदतीत रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार पाहणाऱ्याकडे) फॉर्म डी, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांच्या दाव्याचा अर्ज, भरा, सोबत पगारपत्रकं आणि पगार जमा व्हायचा त्या खात्याचं स्टेटमेंट जोडा. या काळात वसुलीचा वेगळा दावा सहसा पुढे सरकत नाही. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करायचं ठरलं, तर कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी तारणधारक (मालमत्ता तारण ठेवून कर्ज दिलेल्या) बँकांच्या बरोबरीने येते; इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची, तीही त्यांच्या खालोखाल. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा या वाटपाबाहेर असतो. वेळेचा अंदाज हवा असेल तर जेट एअरवेज पाहा : विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अवसायनाचा आदेश आला 7 नोव्हेंबर 2024 ला. तेव्हा फॉर्म भरा, पण घराचा हप्ता त्या पैशावर टेकवू नका.